प्रो. टॉमस हेन्री हक्स्ले आणि शाळेंतील शास्त्राचा तास

आपल्या वेळापत्रकांत शास्त्राचा तास गणिताच्या व भाषेच्या तासांच्या बरोबरीनें बसलेला आपण रोज पाहतों, आणि तो तेथें पहिल्यापासूनच असावा असें आपणांस वाटतें. परंतु ज्या इंग्लंड देशाच्या शाळांचा नमुना पुढें ठेवून आपल्याकडील इंग्रजी शाळा निघाल्या, त्या देशांतच सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं या तासाला जवळ जवळ जागा नव्हती. थोरामोठ्यांचीं मुलें लॅटिन व ग्रीक व्याकरणांत आपलीं वर्षें घालवीत. गरिबांचीं मुलें लिहिणें, वाचणें व हिशेब एवढें शिकून लहान वयांतच कामाला लागत. शास्त्राला शाळेंत आसन मिळावें म्हणून ज्यांनीं जिवाचें रान केलें त्यांत टॉमस हेन्री हक्स्ले हे प्रमुख होत. डार्विनच्या उत्क्रांतिमताचा कैवार घेऊन वाद घालणारे पंडित म्हणून त्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे. पण शाळेंतील मुलांसाठीं त्यांनीं केलेले श्रम तितके कोणी सांगत नाहीं, म्हणून तेच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हक्स्ले यांचा जन्म ता. 4 मे 1825 रोजीं लंडनच्या पश्चिमेस ईलिंग या त्या वेळच्या खेड्यांत झाला. वडील तेथील एका शाळेंत गणित शिकवीत. शिक्षकाचा मुलगा म्हटल्यावर त्याचें शिक्षण तरी यथास्थित झालें असेल असें आपण म्हणूं. परंतु या मुलाच्या वांट्यास शाळा आली ती आठव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत, अवघीं दोन वर्षें, आणि त्या दोन वर्षांची आठवणही त्यांस पुढें कधीं गोड वाटली नाहीं. शाळा उतरणीस लागली, वडिलांनीं ती सोडली, व कुटुंब कॉव्हेंट्री गांवीं गेलें. तेथें मुलगा हातीं पडेल तें पुस्तक वाचूं लागला. भूगर्भशास्त्र आणि तर्कशास्त्र यांवरील मोठाले ग्रंथ त्यानें बाराव्या वर्षाच्या सुमारास वाचले. जर्मन भाषा तो आपली आपणच शिकला. पुढें नात्यांतील डॉक्टरांच्या हाताखालीं तो वैद्यकीच्या उमेदवारीस राहिला. लंडनमध्यें गोदीलगतच्या रॉदरहाइथ वस्तींत त्या कामानिमित्त फिरतांना जें दारिद्र्य त्यानें पाहिलें तें त्याच्या मनांतून जन्मभर गेलें नाहीं. 1842 सालीं शिष्यवृत्ति मिळवून तो चेरिंग क्रॉस रुग्णालयांत शिकूं लागला.

1846 च्या डिसेंबरांत हक्स्ले हे रॅटलस्नेक नांवाच्या आरमारी जहाजावर साहाय्यक शस्त्रवैद्य म्हणून ऑस्ट्रेलियाकडे गेले, आणि चार वर्षांनीं परत आले. जहाजावर ना ग्रंथालय, ना प्रयोगशाळा. मेजाला बांधलेलें एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि जाळ्यांत सांपडलेले जेलीफिशसारखे मऊ प्राणी, एवढीच सामग्री. तिच्या बळावर त्यांनीं जे निबंध लिहिले त्यांमुळें 1851 सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय ज्ञान पक्कें होत नाहीं ही त्यांची श्रद्धा पुस्तकांतून आलेली नव्हती. ती या चार वर्षांच्या हालांतून आलेली होती. 1854 सालीं लंडनच्या खाणशास्त्राच्या विद्यालयांत ते अध्यापक झाले. पुढल्या वर्षीं, सिडनी येथें वाग्दत्त झालेल्या मुलीशीं, आठ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर, त्यांचा विवाह झाला.

हक्स्ले यांची व्याख्यानें ऐकावयास मजूर, सुतार, लोहार यांची गर्दी होत असे. 1868 सालीं नॉर्विच येथें त्यांनीं कामकरी लोकांपुढें एका खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिलें. सुताराच्या खिशांतला खडू हातीं घ्यावा, तो समुद्राच्या तळाशीं सांचलेल्या सूक्ष्म प्राण्यांच्या कवचांचा बनलेला आहे हें दाखवावें, आणि तेथून पृथ्वीच्या वयापर्यंत श्रोत्यांस नेऊन सोडावें, अशी त्यांची रीत. फळ्यावर चित्रें काढण्यांतही त्यांचा हात विलक्षण चाले.

पण व्याख्यान म्हणजे शाळा नव्हे. 1867 सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या एका समितीनें शाळांतील शास्त्रशिक्षणावर अहवाल दिला. तींत हक्स्ले होते. शास्त्राची माहिती असणें वेगळें आणि शास्त्रीय रीतीनें विचार करण्याची संवय लागणें वेगळें, हा भेद त्या अहवालांत स्पष्ट केला होता. तथापि शाळांची खरी स्थिति पुढें सरकारी आयोगानें उघड केली. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचेही हक्स्ले सभासद होते. 1875 च्या त्याच्या अहवालाप्रमाणें, माहिती आलेल्या 128 शाळांपैकीं केवळ 63 शाळांत शास्त्र शिकवीत, आणि त्यांतही प्रयोगशाळा असलेल्या शाळा फक्त 13!

1870 च्या कायद्यानें लंडन शहरासाठीं 49 सभासदांचें स्कूल बोर्ड निर्माण झालें. प्रकृति ठीक नसतां, पदरीं मोठा संसार असतां, हक्स्ले मॅरिलेबोन भागांतून निवडणुकीस उभे राहिले व निवडून आले. कोणते विषय शिकवावे हें ठरविणाऱ्या समितीचे तेच अध्यक्ष झाले. धर्मपीठांच्या मतांशीं त्यांचें कधीं पटलें नाहीं हें जगजाहीर होतें. तरी शाळेंत बायबल वाचलें जावें, मात्र पंथोपंथांचे वाद मुलांच्या डोक्यांत भरूं नयेत, असें त्यांनीं मत दिलें, तेव्हां मित्र व शत्रु दोघेही चकित झाले. 1871 च्या त्यांच्या योजनेंत वाचन, लेखन, गणित यांबरोबर चित्रकला, गायन व कवाईत आलीं, आणि सहा वर्षें क्रमानें चालणारे वस्तुपाठ आले. या वस्तुपाठांतून सृष्टिशास्त्राचा आरंभींचा अभ्यास पुरा व्हावा अशी योजना होती. आपण हल्लीं कोणाचें आचरण अनुकरणीय असलें म्हणजे त्याला वस्तुपाठ म्हणतों. हा शब्द मुळांत शाळेंतला आहे हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

योजना मंजूर झाली, पण योजना कागदावर उतरणें सोपें असतें. 1862 पासून इंग्लंडांत असा नियम होता कीं, सरकारी अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणितांतील परीक्षेचा निकाल पाहून द्यावयाचें. ज्या विषयानें पैसा मिळत नाहीं त्याकडे गरीब शाळेचा शिक्षक कसा पाहणार? आणि ज्यानें पाहण्याचें मनांत आणलें, तो तरी काय शिकवणार? त्यानें स्वतः कधीं फूल उकलून पाहिलें नव्हतें, कीं बेडकाचें हृदय पाहिलें नव्हतें. मग वस्तुपाठांतून वस्तु जाई आणि पाठ मात्र उरे. मुलें वस्तूचे गुण एका सुरांत म्हणत.

हक्स्ले यांनीं ही अडचण ओळखली, आणि त्यांच्या सर्व कार्यांत मला हेंच सर्वांत मोठें वाटतें. 1871 च्या उन्हाळ्यांत साउथ केन्सिंग्टन येथें त्यांनीं शास्त्रशिक्षकांचा एक वर्ग भरविला. सकाळीं व्याख्यान, आणि मग दिवसभर हातांत सूक्ष्मदर्शक व सुरी घेऊन काम, असे सहा आठवडे. मायकेल फॉस्टर, रे लँकेस्टर यांसारखे पुढें नांवाजलेले विद्वान त्यांत साहाय्यक होते. किण्व, बुरशी, नेचा, घेवड्याचें रोप, शिंपला, गोड्या पाण्यांत राहणारा झिंग्यासारखा क्रेफिश, बेडूक, असे निवडक सजीव घ्यावे आणि प्रत्येक शिक्षकानें ते आपल्या हातानें उकलून पाहावे, अशी ही पद्धति. जुन्या विद्यालयांत विद्यार्थ्यांना असें काम देण्यास जागाच नव्हती. 1872 पासून नव्या इमारतींत ती मिळाली. पुढें 1875 सालीं मार्टिन यांच्या साहाय्यानें या अभ्यासक्रमाचें पुस्तकही निघालें. त्यांत प्रथम अत्यंत साध्या जीवापासून आरंभ होता. कालांतरानें अनुभव आला कीं, कधीं न पाहिलेल्या सूक्ष्म जीवापेक्षां परिचयाच्या बेडकापासून चालणें नवशिक्यास सोपें जातें. तेव्हां 1888 च्या आवृत्तींत तो क्रम उलटा झाला, आणि हक्स्ले यांनीं त्याला आनंदानें संमति दिली. आपण घालून दिलेली वाट मोडूं देणारे गुरु थोडेच.

या श्रमांनीं शरीर मोडलें. 1872 च्या आरंभीं ते बोर्डांतून निवृत्त झाले व हवापालटासाठीं ईजिप्तला गेले. पुढल्या वर्षीं अठरा स्नेह्यांनीं विश्रांतीसाठीं 2100 पौंड जमवून दिले. तें पत्र डार्विन यांच्या हातचें होतें.

त्यांचीं पुस्तकेंही पाहण्याजोगीं आहेत. 1869 सालीं लंडनमधील मुलांपुढें दिलेल्या व्याख्यानांतून 1877 सालीं फिजिऑग्राफी हें पुस्तक सिद्ध झालें. त्या काळच्या भूगोलाच्या पुस्तकांत पृथ्वी हा गोल आहे येथून आरंभ होई. हक्स्ले मुलाला लंडन पुलावर उभें करतात आणि खालून वाहणारें थेम्सचें पाणी दाखवितात. हें पाणी कोठून आलें? झऱ्यांतून. झऱ्यांत कोठून? पावसांतून. मग बाष्प, दंव, हवा, बर्फ, नदीनें कापलेली जमीन, समुद्र, ज्वालामुखी, प्रवाळ, असें करीत करीत पृथ्वीचा आकार व शेवटीं सूर्य येतो. दुसऱ्या गांवच्या शिक्षकानें आपल्या भोवतालचेंच साधन घ्यावें अशी त्यांची अपेक्षा होती. नाशिकचा मुलगा गोदावरीच्या घाटावर उभा राहून हाच धडा गिरवूं शकेल.

एक वैगुण्य मात्र सांगितलें पाहिजे. ज्या सरकारी खात्याच्या परीक्षा हक्स्ले वर्षानुवर्षें तपाशीत, त्या खात्याचें द्रव्यही निकालावरच मिळे. त्यामुळें फिजिऑग्राफी हा विषय परीक्षेस लोकप्रिय झाला खरा, पण पुष्कळ ठिकाणीं तो घोकंपट्टीनेंच उरकला जाई. नदीकांठीं न जातां नदीचा धडा पाठ होऊं लागला.

1884 सालीं एका गरीब दुकानदाराचा मुलगा, जो शाळेंत शिकवितां शिकवितां स्वतः शिकत होता, शिष्यवृत्ति घेऊन साउथ केन्सिंग्टनला आला. हक्स्ले यांच्या अध्यापनाचें तें शेवटचें वर्ष. आजारामुळें ते 1885 सालीं निवृत्त झाले. ता. 29 जून 1895 रोजीं ईस्टबोर्न येथें त्यांचा अंत झाला. त्याच्या दोन वर्षें आधीं, 1893 सालीं, त्या विद्यार्थ्यानें जीवशास्त्राचें एक क्रमिक पुस्तक लिहिलें, आणि फिजिऑग्राफीवरही एक पुस्तक एका मित्राच्या सहकार्यानें काढलें. त्याचें नांव हर्बर्ट जॉर्ज वेल्स.