दोन पदव्यांचा एक बेत

बारावीचा निकाल लागला, की खामगाव-मलकापूरच्या घरांतून अर्थशास्त्र की वकिली, असा वाद हमखास निघतो. दोन्ही म्हटले, की वडीलमंडळी खर्चाचा हिशेब मांडतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्हींचा बेत १९१६ साली आखला. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदरात होती. लंडनला त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि कायद्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून कर्ज घेतले नि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी.!

डी.एस्सी.चा प्रबंध रुपयावर होता. देशात रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहावी, हा त्यांचा आग्रह. बँकेत हयात घातलेल्या मला त्याचे मोल चटकन कळते. महागाई वाढली, की कापूस विकून आलेले पैसे घरी पोचेपर्यंत हलके होतात.

पण दुखणे कळून भागत नाही. कोकणातल्या कुळांना खोतांच्या जाचातून सोडवण्यासाठी १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कुळाच्या पोटाचा हिशेब अर्थशास्त्राने दाखवला होता, विधेयकाची कलमे कायद्याने पुरवली. दोन्ही पदव्यांसाठी सोसलेली सात वर्षे इथे कामी आली.