दुहेरी पट्टीचा जनक : जॉन हॅरिसन

दुबईजवळच्या जबल अली बंदरात उन्हाळ्यात पारा कधी कधी ४५ अंशांच्याही वर चढतो. तेथे एखाद्या पंपाची मोटर जादा भाराने तापू लागली, तर ब्रेकर आपोआप पडतो व मोटर जळण्यापासून वाचते. या ब्रेकरच्या पोटात दोन धातूंची एक पातळ पट्टी असते. तशी पट्टी प्रथम करणारा गृहस्थ विजेचा जाणकार नव्हता. तो सुतार होता. त्याची ओळख वाचकांस आम्ही करून देत आहोत.

जॉन हॅरिसनचा जन्म १६९३ साली इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात झाला. बाप सुतार, मुलानेही तोच धंदा उचलला. शाळेचे शिक्षण बेताचेच. विशीत त्याने लाकडी चाकांचे घड्याळ केले. त्या काळी भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहे हे कळत नसे, आणि कित्येक जहाजे खडकांवर फुटत. अचूक घड्याळ असते तर रेखांश काढता आला असता. १७१४ मध्ये पार्लमेंटने या कामास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावले.

अडचण होती उष्णतेची. ती वाढली की स्प्रिंग सैल पडे व घड्याळ मागे राही. तिसऱ्या घड्याळात (ते करण्यात त्याची सुमारे १९ वर्षे गेली!) हॅरिसनने पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींस रिव्हेटने जोडल्या. तापल्यावर पितळ अधिक वाढते, म्हणून पट्टी वाकते. त्या वाकण्याने स्प्रिंगची कामाची लांबी जुळून येई. ब्रेकरमध्ये हीच पट्टी जादा प्रवाहाने तापते, वाकते व खटका सोडते. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, तेवढ्याने खटका सुटत नाही. पट्टी तापायला वेळ लागतो. मात्र जबल अलीसारख्या ठिकाणी नुसत्या हवेच्या उष्म्यानेही ब्रेकर अवेळी पडू शकतो. म्हणून काही संरक्षक रिलेंत ती चूक भरून काढण्यासाठी आणखी एक तशीच पट्टी बसवितात. हे तर हॅरिसनचेच मूळ काम!

चौथे घड्याळ हातात मावेल एवढेच होते. १७६१ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकास निघाला. ८१ दिवसांत, नेहमीची चाल हिशेबात धरता, ते अवघे ५ सेकंद मागे पडले. तरी रेखांश मंडळाने शंका काढल्या, पुन्हा परीक्षा घेतली, आणि अर्धे बक्षीस दिले तेही घड्याळाचे गुपित उघड करून घेतल्यावर. सुताराने बाजी मारावी हे विद्वान ज्योतिर्विदांना रुचले नसावे, असे आम्हांस वाटते. अखेर राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडला, तेव्हा १७७३ मध्ये पार्लमेंटने त्याला ८,७५० पौंड दिले. हॅरिसन ऐंशी वर्षांचा झाला होता. १७७६ मध्ये तो लंडनला वारला. पुढच्या शतकात आपले पूर्वज मुंबईहून मॉरिशसला आले, तोवर त्याने दाखविलेल्या वाटेने घडलेली घड्याळे जहाजांवर रुळली होती.