खर्चाच्या रकान्यातली राजकन्या

फ्रान्सची राणी म्हटली की आपल्याला मारी आंत्वानेत आठवते. तिचे केस, तिचे दागिने आणि तिचा शेवट. पण तिच्या एका आतेसासूची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. माझी उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेली. त्यामुळेच की काय, जमाखर्चापासून सुरू झालेली ही कहाणी मला कायम ओढ लावत आली.

लुईज मारी १५ जुलै १७३७ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात जन्मली. पंधराव्या लुईचे हे दहावे अपत्य आणि आठवी मुलगी. फ्रान्समध्ये मुलीला गादी नसे आणि राजाचा मुलगा एकच उरलेला. मुली इतक्या की दरबारात त्यांना नावाऐवजी क्रमांकाने ओळखत. राजकन्या म्हणजे दाया, दासी, शिक्षिका, घोडागाड्या असा स्वतंत्र बारदाना. राज्याचा कारभार पाहणारे वृद्ध कार्डिनल फ्लरी काटकसरीचे. त्यांनी तोडगा काढला: धाकट्या मुलींना मठात ठेवावे, तिथे खर्च कमी येतो.

जून १७३८ मध्ये चार बहिणी सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या फाँतव्ह्रोच्या मठाकडे निघाल्या. थोरली व्हिक्तवार पाच वर्षांची, धाकटी लुईज अवघी अकरा महिन्यांची. खर्च वाचला, यात शंका नाही. पण त्या वहीत दुसरी बाजू कुणी लिहिली नाही. चौघींतली एक, फेलिसिते, १७४४ मध्ये आठव्या वर्षी तिथेच वारली. आईबापांनी तिला पुन्हा पाहिले नव्हते. १७४७ मध्ये राजाने नातिए या चित्रकाराला मठात पाठवून उरलेल्या तिघींची चित्रे काढून आणवली. आपल्या मुली कशा दिसतात, हे राणीला कळले ते त्या चित्रांवरून!

लुईज घरी परतली ती १७५० मध्ये, तेराव्या वर्षी. लहानपणच्या एका पडण्याने तिच्या पाठीला बाक आला होता. वडिलांनी लाडाने तिला ठेवलेल्या टोपणनावाचा अर्थ चिंधी असा होतो. सगळ्या बहिणींत लग्न झाले ते एकट्या थोरलीचे. बाकीच्या राजवाड्यातच राहिल्या. त्यांना पुस्तके वाचून दाखवणाऱ्या मादाम कांपाँ यांनी आठवणी लिहून ठेवल्या आहेत. संध्याकाळी राजा शिकारीहून परतला की बहिणी घरातल्या कपड्यांवरच भरजरी घेरदार झगा चढवत, उरलेले दिसू नये म्हणून वरून हनुवटीपर्यंत काळे रेशमी आवरण घेत आणि लगबगीने भेटीला जात. राजा प्रत्येकीच्या कपाळाचे चुंबन घेई. पाव तासात सगळे आटोपून पुन्हा आपापल्या खोलीत. अशी वीस वर्षे गेली.

१७६८ मध्ये आई गेली. त्यानंतर लुईजने पॅरिसच्या आर्चबिशपांमार्फत वडिलांकडे गुपचूप एक परवानगी मागितली आणि ११ एप्रिल १७७० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, बहिणींनाही न सांगता ती राजवाडा सोडून निघाली. ती गेली पॅरिसजवळच्या सँ दनी येथील कार्मेलाइट जोगिणींच्या मठात. खडतर नियमांचा हा मठ इतका कंगाल होता की तो बंद पडण्याची वेळ आली होती. वडिलांच्या पापांचे प्रायश्चित्त म्हणून ती गेली, असे लोक म्हणत. तिची भक्ती खरीच होती. पण मला आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या वेळी तिला मठात पाठवले होते. या वेळी मठ तिने स्वतः निवडला. त्या काळच्या राजकन्येला स्वतःच्या हाताने उघडता येईल असे दार बहुधा तेवढे एकच होते.

सप्टेंबरमध्ये तिला जोगिणीचा वेष मिळाला. त्या सोहळ्यात डोक्यावरचे वस्त्र देण्याचा मान होता चौदा वर्षांच्या नव्या सुनेला, मारी आंत्वानेतला. मादाम कांपाँ एकदा भेटायला गेल्या, तेव्हा ही राजकन्या कपडे धुण्याचे काम उरकून येत होती.

१७७३ मध्ये ती मठाची प्रमुख निवडली गेली. राजकन्येपाठोपाठ राजाश्रय येणारच. पण मिळालेल्या बळाचे तिने चीज केले. मठ सावरला. रिशार मिक या वास्तुकाराकडून नवे प्रार्थनामंदिर उभे राहिले. १७८३ मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने आपल्या मुलखातले मठ बंद केले, तेव्हा ब्रुसेल्सच्या निराधार जोगिणींना तिने आपल्याकडे आसरा दिला. दरबारातले तिचे वजन ती धर्मकारणात वापरते, अशी कुरकुरही झाली. ती अगदीच निराधार नसावी. पण एकेकाळी ओझे ठरलेली ही मुलगी आता इतरांचे ओझे उचलत होती, एवढे खरे.

२३ डिसेंबर १७८७ रोजी, पन्नासाव्या वर्षी ती गेली. क्रांतीचा भडका तिला पाहावा लागला नाही. व्हिक्तवार आणि अडेलाईड या बहिणींना १७९१ मध्ये देश सोडावा लागला आणि दोघी परमुलखात, त्रिएस्त येथे वारल्या. १७९३ मध्ये लुईजची कबरही उकरली गेली.

मठाची वास्तू मात्र उभी आहे. तिथे आता सँ दनी शहराचे संग्रहालय आहे. घरातली मुलगी खर्चाच्या रकान्यात मांडायची सवय काही फक्त व्हर्सायची नव्हती, आणि ती दोनशे वर्षांपूर्वी संपली असेही मला वाटत नाही. आपापल्या घरची वही एकदा उघडून पाहायला काय हरकत आहे?