वटवृक्षाचे पहिले भांडवल

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव सातारा-सांगलीकडे घरोघरी आदराने घेतले जाते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र ‘रयत माऊली’ या गौरवापुरत्याच स्मरणात उरल्या आहेत.

१९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. जैन घराण्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. पैसा सरला की अंगावरचा एकेक दागिना विकला जाई. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीतले धान्य संपले, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

या कृतीला आपण त्याग म्हणतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ती भांडवलाची गुंतवणूक होती. स्त्रीच्या हक्काचे असे त्या काळी स्त्रीधनच काय ते असे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा मिळण्यास महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले. लक्ष्मीबाईंनी जे स्वतःचे होते, ते सारे संस्थेत घातले.

त्याग म्हटले की हिशेब मिटतो. भांडवल म्हटले की निर्णयातील वाटाही मान्य करावा लागतो. आजही दागिने गहाण ठेवून मुलांची फी भरणाऱ्या माता आपल्या अवतीभवती आहेत. त्यांतील कितीजणींचे नाव सातबाऱ्यावर आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरी तपासून पाहावे.