किइचिरो टोयोडा यांचें चरित्र

यंत्राची खरी परीक्षा कारखान्यांत होत नाहीं. तें विकत घेणाऱ्याच्या दारीं होते. नवी मोटार रंगाच्या झळाळीनें सर्वांसच मोहित करिते. परंतु ऐन पावसाळ्यांत, माणसांनीं भरलेली असतां, ती चढावर बंद पडली म्हणजे तिच्या कर्त्याची योग्यता मालकास कळून येते. अशा वेळीं तो कर्ता दोष झांकतो, मालकाच्या माथीं मारतो, कीं स्वतः येऊन गाडीखालीं शिरतो, ह्यावर पुष्कळ कारखान्यांचें यशापयश अवलंबून असतें. ज्या जपानी मोटारींस आज सारें जग टोयोटा या नांवानें ओळखतें, त्यांच्या आद्य कर्त्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगणार आहों, तें ह्याच प्रश्नाच्या अनुरोधानें.

हा पुरुष दूरदेशचा खरा. तथापि आमच्या वऱ्हाडास तो अगदींच परका नाहीं. टोयोडा घराण्याचा मूळ धंदा मोटारींचा नव्हे, मागांचा; आणि मागास कापूस लागतो. इ. स. १८९३ सालीं मुंबई व जपान यांच्यामध्यें जपानी कंपनीच्या आगबोटी नियमित सुरू झाल्या, आणि हिंदुस्थानांतील आंखूड धाग्याचा कापूस गांठी बांधून तिकडील गिरण्यांस मोठ्या प्रमाणांत जाऊं लागला. मुंबईच्या बाजारांत अमरावतीच्या नांवावरून ज्यास ऊमरा म्हणत, तो आमच्या काळ्या जमिनीचा कापूसही त्यांत असे. तेव्हां टोयोडांचे माग ज्या कापडधंद्यासाठीं फिरत होते, त्या धंद्याशीं वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा संबंध पूर्वींपासूनच जडला होता.

किइचिरो यांचा जन्म ता. ११ जून १८९४ रोजीं जपानच्या शिझुओका प्रांतांतील एका खेड्यांत झाला. त्यांचे वडील साकिची टोयोडा हे सुताराचे पुत्र. खेड्यांतील बायका हातमागावर दिवसभर राबतात, हें पाहून थोड्या श्रमांत अधिक कापड कसें विणलें जाईल, ह्या एकाच विचाराचा साकिचींनीं ध्यास घेतला. १८९१ सालीं त्यांस लांकडी हातमागाचें पेटंट मिळालें. १८९६ सालीं त्यांनीं यंत्रमाग सिद्ध केला. परंतु प्रयोगांच्या पायीं घरांत पैसा टिकत नसे, आणि किइचिरो तान्हे असतांच त्यांची आई संसार सोडून निघून गेली. आजीआजोबांनीं व पुढें सावत्र आईनें त्यांस वाढविलें. हा मुलगा मोठेपणींही मितभाषीच राहिला.

साकिचींच्या मागांत एक गुण होता, तो वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढील सारी कथा त्याच्याभोंवतीं फिरते. साध्या यंत्रमागावर एखादा धागा तुटला तरी माग चालतच राहतो, आणि कोणी पाहीपर्यंत सदोष कापड विणलें जातें. साकिचींचा माग धागा तुटतांच आपोआप थांबे. त्यामुळें प्रत्येक मागापाशीं एक मनुष्य उभा ठेवण्याचें कारण उरलें नाहीं, आणि वाईट कापड पुढें जाण्याची भीतिही गेली. थांबणें हें यंत्राचें वैगुण्य नसून त्याचा प्रामाणिकपणा होय, असा धडा पुत्रास पित्याच्या कर्मशाळेंतच मिळाला.

किइचिरो यांनीं टोकियोच्या विश्वविद्यालयांतून १९२० सालीं यंत्रशास्त्राची पदवी घेतली व ते वडिलांच्या गिरणींत रुजू झाले. १९२१-२२ सालीं त्यांनीं अमेरिका व इंग्लंड यांचा प्रवास केला. ओल्डहॅम येथील प्लॅट बंधूंचा कारखाना त्या काळीं कापडयंत्रांविषयीं जगांत अग्रगण्य होता. तेथें राहून त्यांनीं कामाची पद्धति पाहिली. स्वदेशीं परतल्यावर पितापुत्रांनीं मिळून १९२४ सालीं एक नवा स्वयंचलित माग पूर्ण केला. धोट्यांतील सूत संपत आलें म्हणजे हा माग न थांबतां स्वतःच धोटा बदलून घेई. १९२६ सालीं कारिया गांवीं अशा मागांचा कारखाना निघाला; आणि १९२९ च्या अखेरीस त्याच प्लॅट बंधूंनीं ह्या मागाचे हक्क घेण्यासाठीं एक लक्ष पौंडांचा करार केला. ज्यांच्या घरीं शिष्य म्हणून जावें त्यांनींच आपली विद्या विकत घ्यावी, असा योग थोड्यांच्याच नशिबीं येतो. पुढच्याच वर्षीं, १९३० च्या ऑक्टोबरांत, साकिची निवर्तले.

मागांचा धंदा असा भरभराटींत असतां किइचिरो यांचें चित्त मोटारीकडे लागलें. १९२३ सालच्या भयंकर भूकंपांत टोकियोच्या ट्रामगाड्यांचा नाश झाला, तेव्हां अमेरिकेहून फोर्ड गाड्यांचे सांगाडे आणून त्यांवर लोकांची ने-आण चालविली गेली. १९२५ सालीं फोर्डनें योकोहामा येथें, व १९२७ सालीं जनरल मोटर्सनें ओसाका येथें गाड्या जुळविण्याचे कारखाने उघडले. रस्ते जपानचे, प्रवासी जपानी, आणि गाड्या मात्र बहुतेक सर्व परक्या, ही स्थिति किइचिरो यांस रुचेना. ता. १ सप्टेंबर १९३३ रोजीं त्यांनीं मागांच्या कारखान्यांतच मोटारींचा एक विभाग स्थापन केला. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें जपानी कापडावरील जकात भारी वाढविली, व जपानी गिरणीवाल्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. १९३४ सालीं दोन्ही देशांत तडजोड झाली. तथापि एकाच धंद्यावर विसंबणें किती धोक्याचें असतें, हें त्या वर्षानें इकडे शेतकऱ्यांस आणि तिकडे कारखानदारांस सारखेंच दाखविलें.

मोटार तयार करणें हें माग तयार करण्यापेक्षां फार निराळें काम होतें. किइचिरो यांनीं एक नवी शेव्हरोले गाडी विकत आणविली व तिचा खिळान्‌खिळा सोडवून पाहिला. भाग मोजतां येत, त्यांचे नकाशे काढतां येत. परंतु इंजिनाचा ठोकळा ओतण्याची वेळ आली म्हणजे सारी मोजमापें निरुपयोगी होत. पातळ भिंतींचें तें ओतकाम पुनः पुनः फसे. सांचा फोडावा तों आंत भोंक किंवा चीर निघे, आणि तो ठोकळा परत भट्टींत जाई. आप्तेष्टांपैकीं कित्येकांस हा पैशाचा अपव्यय वाटे. तरीही १९३४ च्या सप्टेंबरांत पहिलें इंजिन चालूं झालें, व १९३५ च्या मे महिन्यांत पहिली नमुन्याची मोटार उभी राहिली.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पहिली मालमोटार विक्रीस निघाली. टोकियोच्या प्रदर्शनासाठीं ती कारियाहून रस्त्यानें नेत असतां वाटेंतच चाक वळविण्याच्या यंत्रणेंतील एक भाग मोडला! विकलेल्या गाड्यांची कथाही याहून बरी नव्हती. आज एकाची गाडी बंद पडे, उद्यां दुसऱ्याचा मागला आंस तुटे. जनरल मोटर्समधील चांगली नोकरी सोडून आलेले शोतारो कामिया विक्रीचें काम पाहत. त्यांनीं व किइचिरो यांनीं असा क्रम ठेविला कीं, गाड्या प्रथम आपल्याच प्रांतांत विकावयाच्या, म्हणजे बिघाडाची वर्दी येतांच माणूस धाडतां येईल. किंमत उत्पादनखर्चाहूनही कमी ठेविली होती. ज्यांनीं अशा कच्च्या गाड्या विकत घेतल्या, ते प्रथमचे ग्राहक किती सोशिक असले पाहिजेत! परंतु त्यांचा सोशिकपणा वायां गेला नाहीं. किइचिरो स्वतः मोडलेल्या गाडीपाशीं जात, तेलानें हात माखून दोष शोधीत, आणि तो भाग कारखान्यांत बदलून घेत. ग्राहकाची तक्रार त्यांच्या लेखीं गाऱ्हाणें नव्हतें. तुटलेल्या धाग्याची ती सूचना होती.

१९३६ सालीं त्यांची पहिली प्रवासी मोटार बाजारांत आली. १९४३ पर्यंत तिच्या अवघ्या १४०४ गाड्या तयार झाल्या. त्यांपैकीं एक २००८ सालीं रशियाच्या अतिपूर्व भागांत सांपडली. ती तेथें एका शेतावर वर्षानुवर्षें राबलेली होती, व आतां हॉलंड देशांतील एका संग्रहालयांत ठेविलेली आहे. १९३६ सालींच गाडीच्या नांवासाठीं स्पर्धा होऊन टोयोडा या आडनांवाचें टोयोटा झालें. जपानी लिपींत तें आठ रेघांत लिहितां येतें, आणि आठ हा आंकडा तिकडे शुभ मानितात. ता. २८ ऑगस्ट १९३७ रोजीं मोटारींची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. किइचिरो यांचे मेहुणे रिसाबुरो अध्यक्ष व ते स्वतः उपाध्यक्ष झाले. १९३८ सालीं कोरोमो येथें मोठा कारखाना उघडला. तेथें जो भाग ज्या वेळीं लागेल तो त्याच वेळीं, तितकाच, पुढें यावा, आधीं करून ढीग घालूं नये, असा दंडक किइचिरो यांनीं घातला. हें तत्त्व पुढें जगांतील असंख्य कारखान्यांनीं उचललें.

सत्य चरित्रांत उजेडाबरोबर छायाही दाखविली पाहिजे. १९३६ च्या जपानी कायद्यानें परक्या कंपन्यांस आळा घालून ह्या कारखान्यास संरक्षण दिलें. आणि पुढील युद्धांत त्याच्या मालमोटारी मुख्यतः सैन्याकडे गेल्या. १९४५ च्या ऑगस्टांत, युद्ध संपण्याच्या आदल्याच दिवशीं, कोरोमोच्या कारखान्यावर बाँब पडून त्याचा बराच भाग उद्ध्वस्त झाला.

किइचिरो यांची खरी कसोटी ह्यानंतर लागली. १९४१ पासून ते कंपनीचे अध्यक्ष होते. १९४९ सालीं सरकारनें चलनवाढ थांबविण्यासाठीं पैशाची टंचाई केली. गाड्या खपेनात, आणि विकलेल्यांचे हप्ते वसूल होईनात. कामगारांनीं पगारांत कपात सोसावी, आणि मालकांनीं कोणासही कामावरून काढूं नये, असा लेखी ठराव त्या वर्षाच्या अखेरीस झाला. परंतु बँकांनीं मदत देतांना कामगार कमी करण्याची अट घातली. १९५० च्या वसंतांत सुमारें १६०० माणसें कमी करण्याची योजना पुढें येतांच संप पेटला. शब्द पाळावा तर कारखाना बुडतो. कारखाना तारावा तर शब्द मोडतो! ज्यानें आजवर यंत्रांतील दोष शोधले, त्याच्यापुढें आतां स्वतःच्याच वचनाचा धागा तुटून पडला होता. किइचिरो यांनीं सबबी पुढें केल्या नाहींत. कामगार जात असतील तर कर्त्यानेंही गेलें पाहिजे, असें मानून जूनच्या आरंभीं त्यांनीं अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्यानंतर संप मिटला. थोड्याच दिवसांत कोरियांत युद्ध सुरू होऊन मालमोटारींस प्रचंड मागणी आली. कांहीं आठवडे आधीं ती येती तर सारेंच टळलें असतें. पण दैवाची घटका मागून मिळत नाहीं. १९५२ सालीं त्यांस पुनः अध्यक्षपदीं बोलावण्याचें ठरत होतें, परंतु ता. २७ मार्च रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. आपल्या गाड्या समुद्रापलीकडे जग जिंकतांना त्यांनीं पाहिल्या नाहींत.

तें जिंकणेंही सरळ झालें नाहीं. १९५७ सालीं अमेरिकेस नेलेली क्राऊन गाडी तेथील लांब, वेगवान रस्त्यांवर तापूं लागली, तिचा जोर अपुरा पडला, आणि १९६० सालीं तिची विक्री थांबवावी लागली. पण अपयश झांकून न ठेवतां त्यावरून शिकण्याची रीत घरांत मुरलेली होती. कारखान्यांत गाड्यांच्या रांगेवर एक दोरी असे. दोष दिसतांच साध्या कामगारानेंही ती ओढावी, आणि दोष निघाला नाहीं तर सारी रांग थांबावी. धागा तुटतांच थांबणाऱ्या मागाचेंच हें रूप! इतकें असूनही २००९-१० सालीं गाड्यांच्या आपोआप वेग घेण्याच्या तक्रारींवरून लक्षावधी गाड्या परत मागवाव्या लागल्या, आणि किइचिरो यांचे नातू अकिओ यांस अमेरिकन काँग्रेसपुढें उभें राहून क्षमा मागावी लागली. आजोबांची दोरी वेळींच ओढली गेली नाहीं, असाच त्याचा अर्थ आम्ही समजतों.

आतां हा धागा महाराष्ट्रापर्यंत कसा आला, तें सांगून चरित्र पुरें करितों. १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढणारे, पुढें लोखंडी नांगर करणारे, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे साकिचींच्याच जातीचे पुरुष. त्यांच्या वंशजांनीं १९९५ सालीं टोयोडांशीं मिळून प्रथम काढला तो कारखाना सूतकताईच्या यंत्रांचा. मोटारींचा त्यानंतर, १९९७ सालीं. जपानांत आधीं कापड व मग मोटार हा जो क्रम घडला होता, तोच येथें घडला. बंगळूरजवळील बिडदी येथून २००० सालीं क्वालिस नांवाची गाडी बाहेर पडली. तिचें रूप जुनाट म्हणून प्रथम टीका झाली. पण मालकांनीं तिला डोक्यावर घेतलें. २००५ सालीं तिच्या जागीं इनोव्हा आली. अकोल्याहून वाशिमकडे जाणारा रस्ता आमचें पातूर सोडतांच घाट चढूं लागतो. लग्नाचें वऱ्हाड असो, शेगांव-माहूरची यात्रा असो, त्या वाटेवर भरल्या गाडीचा कस लागतो. ह्या गाड्यांचे मालक सहसा दोन गोष्टी बोलतात : किंमत भारी, आणि भरंवसा त्याहून भारी. पहिली तक्रार आहे, दुसरी पावती आहे. पहिली दुसरीस खोडूं शकली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ही पावती जाहिरातींनीं मिळविलेली नाहीं. मोडक्या मालमोटारीखालीं शिरून जो दोष शोधीत असे, आणि शब्द मोडावा लागला तेव्हां ज्यानें स्वतःची खुर्ची सोडली, त्या अबोल गृहस्थानें तिचा पाया घातला. तुमच्या वहींतील चुकलेलें गणित खोडून लपवूं नका. धागा जेथें तुटला तेथेंच थांबा, तो बांधा, आणि मग पुढें विणा.