प्रश्नांना उत्तर देणारा शिक्षक : रघुनाथ धोंडो कर्वे

स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव मराठी घरांत आदराने घेतले जाते. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र तितक्या मोकळेपणाने कधी घेतले गेले नाही. ज्या विषयाविषयी घर आणि शाळा दोघांनीही मौन धरले होते, तोच त्यांनी आयुष्यभर शिकवला.

१४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी आई राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने कुटुंबावर बहिष्कार टाकला. रूढीविरुद्ध उभे राहण्याची किंमत काय असते, हे रघुनाथरावांना बालपणीच कळले.

बुद्धी तल्लख होती. पुण्यात शिक्षण पूर्ण करून ते गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी गणिताचा उच्च अभ्यास केला. तेथून परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असेच केंद्र सुरू केले होते. लागोपाठच्या बाळंतपणांनी खचून जाणाऱ्या स्त्रिया त्या काळी घरोघरी होत्या. मातृत्व केव्हा स्वीकारावे आणि स्वीकारावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, असे रघुनाथराव मानीत. पुरुषाला एक नीती आणि स्त्रीला दुसरी, हा दुटप्पीपणा त्यांना मान्य नव्हता. पत्नी मालतीबाई यांची त्यांना खंबीर साथ होती. अपत्य नको, हा निर्णयही उभयतांनी विचारपूर्वक घेतला होता.

हे कार्य आणि प्राध्यापकी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झाले. लैंगिक आरोग्य, विवाह, स्त्री-पुरुष समता यांविषयी त्यात शास्त्रीय माहिती येई. वडीलधाऱ्यांना वा डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य नसलेले वाचक आपल्या शंका पत्राने कळवीत आणि रघुनाथराव त्यांना उत्तरे देत. या उत्तरांपायीच अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १९३४ च्या त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. निकाल विरुद्ध गेला, दंडही झाला. परंतु मासिक थांबले नाही. आर्थिक ओढ आणि समाजाचा उपहास सोसत त्यांनी ते सव्वीस वर्षे चालविले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या वर्षभर आधी, १९५२ मध्ये, भारताने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला होता. शासनस्तरावर असा कार्यक्रम राबविणारा तो जगातील पहिला देश ठरला.

आत्मभान, चिकित्सक विचार, निर्णयक्षमता, समानुभूती ही आज जीवनकौशल्ये म्हणून ओळखली जातात आणि शाळांमधून शिकवली जातात. रघुनाथरावांच्या काळी हा शब्दही रूढ नव्हता, पण त्यांच्या कार्याचा गाभा तोच होता. आपल्या शरीराची माहिती असलेले मूल अन्यायकारक स्पर्श ओळखू शकते आणि त्याविषयी बोलू शकते. बहिणीइतकेच घरकाम करणारा मुलगा समता पाठ न करता अंगी बाणवतो. पुरी माहिती असलेली मुलगी आपला होकार वा नकार निःशंकपणे सांगते.

आजच्या मुलांना माहितीचा तुटवडा नाही. हातातल्या मोबाइलवर खरे-खोटे सारेच येऊन पडते. त्यातून खरे निवडून देणाऱ्या विश्वासू माणसाची उणीव मात्र तशीच आहे. मुंबई-पुणे असो वा रायपूरचे शंकर नगर, वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनातले प्रश्न सारखेच असतात. ते आईवडिलांना विचारण्याआधी मूल त्यांचा चेहरा पाहते. तेथे राग वा लाज दिसली, तर ते प्रश्न घेऊन दुसरीकडे जाते. अनोळखी वाचकांच्या अशाच प्रश्नांना आदराने उत्तरे देण्यासाठी एका गणिताच्या प्राध्यापकाने आपली प्रतिष्ठा आणि उपजीविका पणाला लावली. आपल्याच मुलांच्या बाबतीत पालकांना द्यावा लागतो तो थोडा वेळ आणि थोडा संकोच.