विश्लेषण : मानसशास्त्राला भारतात प्रयोगशाळा कोणी दिली?

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांवर मानसोपचार, समुपदेशन हे शब्द आज सहज दिसतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र आपल्या महाविद्यालयांत मनाचा अभ्यास हा तत्त्वज्ञानाचाच एक भाग होता. त्याला स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे करणारे प्राध्यापक म्हणजे डॉ. नरेंद्रनाथ सेनगुप्ता (१८८९-१९४४).

पहिला विभाग कधी सुरू झाला?

ब्रजेंद्रनाथ सील यांनी कोलकाता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम १९०५ मध्येच आखला होता. स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये निघाला. हार्वर्ड विद्यापीठातून शिकून आलेले सेनगुप्ता त्याचे प्रमुख झाले. स्मरण, अवधान, प्रतिक्रियेला लागणारा वेळ या गोष्टी केवळ चर्चेच्या नसून मोजण्याच्याही आहेत, हा या नव्या शास्त्राचा पाया होता.

एवढ्याने विषय रुजला का?

नाही. संशोधन तपासायला आणि छापायला जागा हवी होती. म्हणून १९२०च्या दशकाच्या मध्यात भारतीय मानसशास्त्रज्ञांची संघटना आणि नियतकालिक सुरू करण्यात सेनगुप्तांनी पुढाकार घेतला. राधाकमल मुखर्जींसोबत त्यांनी सामाजिक मानसशास्त्रावर ग्रंथही लिहिला (१९२८).

पुढे काय झाले?

१९२९ मध्ये ते लखनौ विद्यापीठात गेले, तेही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून. मानसशास्त्राची स्वतंत्र पदे तेव्हा इतकी विरळ होती. कोलकात्याचा विभाग पुढे डॉक्टर असलेल्या गिरींद्रशेखर बोस यांनी सांभाळला आणि मनोविश्लेषणाकडे वळवला. सेनगुप्तांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही; पण मानसशास्त्राची पदवी घेऊन समुपदेशनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाची वाट त्यांच्या विभागापासून सुरू होते.